माऊंटखालचा क्रमांक

बारा वर्षं मी एक चुकीची गोष्ट ठासून सांगत आलो. ज्यांना सांगितली, त्यांतल्या एका मित्राने माझ्या शब्दावर रायफल विकत घेतली आणि खांद्याला लावून चालवलीही. म्हणून हे लिहितो आहे.

मी धातुशास्त्राचा माणूस. पुण्यात शिकलो आणि गेली वीसहून अधिक वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियात एका फोर्ज शॉपमध्ये फोर्जिंग पास-नापास करतो. या भागात नोव्हेंबर संपताना हरणांच्या शिकारीचा मोसम येतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते, इतका तो इथल्या जगण्यात मुरलेला आहे. शेजाऱ्यांबरोबर रेंजवर जाऊ लागलो तेव्हा शिकारीपेक्षा मला रायफलींच्या कारागिरीने ओढून घेतलं. त्यातही स्प्रिंगफिल्ड १९०३.

ही अमेरिकी सैन्याची बोल्ट-ॲक्शन रायफल. तिचा मूळ लष्करी दस्ता जाड आणि सरधोपट असतो. पण थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेला जाताना शिकारीसाठी मुद्दाम घडवलेली स्प्रिंगफिल्ड बरोबर नेली. त्याचं आफ्रिकेवरचं पुस्तक वाचून सिमूर ग्रिफिन या न्यूयॉर्कच्या सुताराने आपल्या स्प्रिंगफिल्डला अक्रोडाचा नवा दस्ता घडवला, आणि त्यातूनच पुढे १९२३ साली ग्रिफिन अँड हाउ ही पेढी उभी राहिली. मग अमेरिकेतल्या गावोगावच्या गनस्मिथांनी आणि घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या हौशी माणसांनी हजारो लष्करी रायफली अशाच नव्याने घडवल्या. दस्ता बदलला, साइट बदलली, पुढे स्कोप आला, त्यासाठी बोल्टची दांडी वाकवली गेली. अशी हाताने घडवलेली जुनी रायफल कंपनीच्या नव्या रायफलीपेक्षा मला आजही जास्त जिवंत वाटते. ते मत बदललेलं नाही.

बदललं ते दुसरं.

१९०३ मॉडेलच्या सुरुवातीच्या रायफलींबद्दल एक जुना इशारा आहे. स्प्रिंगफिल्ड आर्मरीचा क्रमांक ८,००,००० च्या खाली असेल, किंवा रॉक आयलंड आर्सेनलचा २,८५,५०७ च्या खाली, तर ती चालवू नये. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणारी संस्थाही हेच सांगते. दोन्ही मिळून अशा रायफली दहा लाखांवर भरतात. त्यांचा रिसिव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट बसतो आणि ज्याला नळी आट्यांनी जोडलेली असते तो गाभा, ठिसूळ असू शकतो.

मी या इशाऱ्याला भित्र्यांची समजूत म्हणायचो. माझी मांडणी तयार असे. दहा लाखांत फुटल्या किती, तर मोजक्या. अमेरिकी मरीन सैनिकांनी १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर १९०३ रायफलींनीच लढाई केली, आणि त्यांत जुन्या क्रमांकाच्याही होत्या. जी रायफल शंभर वर्षं हजारो गोळ्या झेलून टिकली, तिची परीक्षा काळानेच घेतली आहे. आता आपण काय घेणार? शेवटी मी जोडायचो, ‘हे मी धातुशास्त्रज्ञ म्हणून सांगतोय.’ त्या वाक्यावर समोरचा गप्प व्हायचा. त्याचीच आज मला सर्वांत जास्त लाज वाटते.

गेल्या शरद ऋतूत एका ओळखीच्या बाईंकडे गेलो. त्यांचे यजमान टूल अँड डाय मेकर होते. त्यांच्या मागे राहिलेली रायफल विकायची होती. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून तिच्यावर ती ठेवलेली. फ्रेंच अक्रोडाचा दस्ता, लाकडातल्या काळ्या रेषा मनगटापाशी नळीच्या दिशेने अशा वळवून घेतलेल्या की धक्का रेषांच्या अंगाने जावा. पुढच्या टोकाला आबनुसाचा तुकडा. हाताच्या पकडीवर चेकरिंग, म्हणजे बारीक हिरेदार नक्षी, इतकं समान की भिंगाखालीही एक हिरा लहान-मोठा सापडेना. दोन हिवाळे लागले होते, त्या म्हणाल्या.

मी माझी पिशवी उघडली. बोल्ट काढून नळीतून आरपार पाहिलं. चर ठळक होते, गंजाचे खड्डे नव्हते. नळीच्या तोंडाची कड शाबूत होती. ही कड मी नेहमी आधी बघतो, कारण गोळीचा नळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो, आणि टवका उडालेला असला तर नेम भरकटतो. बोल्टची दांडी स्कोपसाठी वाकवलेली होती. हे काम आच देऊन करतात. ती आच बोल्टला जागी अडकवणाऱ्या पुढच्या लगांपर्यंत उतरली तर लग मऊ पडतात. लगांच्या मागे दाबाचा वळ नव्हता, म्हणजे आच जपून दिली होती. ‘गो’ गेजवर बोल्ट सहज मिटला, ‘नो-गो’वर अडला, म्हणजे काडतुसाची जागा मापात होती. रिकामी रायफल ताणून दस्त्याच्या टाचेवर रबरी हातोडीने ठोके दिले. चाप सुटला नाही. दस्ता उतरवून पाहिला, धातू आणि लाकूड यांच्यामध्ये कागद जाईना. नळीवर १९२९ चा शिक्का. सगळं पास.

राहिला क्रमांक. तो रिसिव्हरच्या पुढच्या कड्यावर असतो, आणि नेमका तिथेच स्कोपचा पुढचा माऊंट बसवलेला होता. नळीवर १९२९ आहे म्हणजे रायफल १९२९ ची, असं वाचून पुष्कळ लोक थांबतात. पण नळी झिजली की बदलतात. रिसिव्हर तोच राहतो. नळीवरची तारीख रायफलीचं वय सांगत नाही. बाईंची परवानगी घेऊन मी माऊंटचे स्क्रू काढले. खाली क्रमांक निघाला चार लाखांच्या घरातला. १९११ च्या सुमाराचा.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “त्यांनी चाळीस वर्षं चालवली ही. कधी काही झालं नाही.”

माझंच वाक्य होतं ते. बारा वर्षं मी जे रेंजवर बोलत होतो ते दुसऱ्याच्या तोंडून, तेही एका विधवेच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकलं. मी होकार द्यायला तोंड उघडलं आणि तो देता येईना.

त्याचं कारण तीन आठवड्यांपूर्वीचं. आमच्याकडे फोर्जिंगची एक बॅच आली होती. मापं बरोबर, हार्डनेस बरोबर, मॅग्नेटिक तपासणीत एकही भेग नाही. फक्त एका पाळीची भट्टीची तापमान-नोंद गायब होती. फोरमन माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, सगळं तर पास आहे, सही करून टाक. मी म्हणालो, भट्टी किती तापली होती हे ज्याचं मला माहीत नाही त्यावर माझी सही होणार नाही. बॅच परत गेली. कंपनीत मी हा माणूस होतो. रेंजवर मी दुसराच कुणी होतो. तिथे भट्टीची नोंद कधीच नव्हती, आणि मी सही करत सुटलो होतो.

बाईंकडून परतलो त्या रात्री मी जूलियन हॅचरचं पुस्तक पुन्हा काढलं. हॅचर अमेरिकी सैन्याच्या ऑर्डनन्स विभागातला अधिकारी; १९४७ साली आलेल्या त्याच्या ‘हॅचर्स नोटबुक’मध्ये हे प्रकरण सविस्तर आहे. मी ते आधीही वाचलं होतं, पण वकिलासारखं, आपल्या बाजूचं तेवढं वेचत. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली. रिसिव्हर घडवताना पोलाद किती तापलं हे कारागीर रंगावरून, डोळ्यांनी ठरवत होते. पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र, लावून पाहिलं तेव्हा कळलं की उन्हाच्या लख्ख दिवशी तापमान ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त जात होतं. उजेडात तापलेलं पोलाद फिकं दिसतं, म्हणून माणूस ते आणखी तापवतो.

हे वाचताना मला कराडजवळच्या आमच्या गावचा लोहार आठवला. त्याची खोप कायम अंधारी असायची. लहानपणी मला वाटायचं, गरिबी म्हणून खिडकी नाही. पोलादाचा रंग कळावा म्हणून तो अंधार राखत होता, हे पुढे कॉलेजात समजलं. ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देताना तो उन्हात कधी आला नाही. भाता, ऐरण, पाण्याची डोणी, सगळं सावलीत. त्याला जे ठाऊक होतं ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड आर्मरीत त्या काळी पाळलं गेलं नाही.

जास्त तापलेलं पोलाद आणि जळालेलं पोलाद यांत फरक आहे. जास्त तापलं तर कण मोठे होतात; पुन्हा नीट उष्णता देऊन ते बारीक करता येतात. जळालं तर कणांच्या सीमाच आतून ऑक्सिडाइज होतात, आणि त्याला उपाय नाही. असं पोलाद कितीही वेळा तापवा आणि कितीही वेळा पाणी द्या, ते सुधरत नाही. शिवाय हार्डनेस टेस्टला ते चांगल्यासारखंच दिसतं. चिवटपणा मोजायचा तर तुकडा कापून त्यावर घण पाडावा लागतो, म्हणजे ज्याची खात्री करायची तेच मोडावं लागतं. १९१८ मध्ये दुहेरी हीट ट्रीटमेंट आणि पायरोमीटर आले, वरचा थर कठीण आणि गाभा चिवट राहू लागला, आणि इशाऱ्यातले ते दोन क्रमांक तिथून आले.

माझ्या युक्तिवादातली खरी फट मात्र याहून साधी होती. शंभर वर्षं टिकली म्हणजे परीक्षा झाली, असं मी म्हणायचो. कसली परीक्षा? नेहमीच्या काडतुसाचा नेहमीचा दाब ठिसूळ रिसिव्हरही सोसतो. प्रश्न येतो तो काडतुसाचं पितळ मागून फाटलं, नळीत काही अडकलेलं राहिलं, किंवा चुकीचं काडतूस गेलं तर. स्प्रिंगफिल्डच्या नळीचं मागचं तोंड नरसाळ्यासारखं आहे, त्यामुळे काडतुसाच्या बुडाचा थोडा भाग उघडा राहतो. ते फाटलं की वायू सरळ रिसिव्हरमध्ये घुसतो. चिवट रिसिव्हर अशा वेळी फुगतो, वाकतो, निकामी होतो. पण बहुधा एकसंध राहतो. जळालेला रिसिव्हर काचेसारखा फुटतो, आणि तो माणसाच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो. चाळीस वर्षांत त्या बाईंच्या यजमानांचं एकही काडतूस फाटलं नसेल. म्हणजे ती परीक्षा त्या रायफलीची झालीच नव्हती. मरीन सैनिकांच्या रायफलींचंही तेच, आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्यायही नव्हता. माझ्यापुढे आहे.

त्या क्रमांकांखालचा प्रत्येक रिसिव्हर जळालेला आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळसे चांगलेच असतील. कोणता चांगला, हे कळायचा मार्ग नाही, एवढंच. आणि नोकरीत मी एवढ्यावरच माल परत पाठवतो.

दुसऱ्या दिवशी मित्राला फोन केला. आमच्या मराठी मंडळातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. सहा वर्षांपूर्वी माझ्यासमोर त्याने अशीच एक घडवलेली स्प्रिंगफिल्ड उचलली होती. क्रमांक साडेसहा लाखांच्या आसपास. दुकानात तो थबकला होता, आणि मी म्हणालो होतो, “घ्या बिनधास्त.”

“तूच म्हणालास ना, शंभर वर्षं टिकलीय म्हणून?”

“म्हणालो होतो. चुकीचं होतं ते. आता चालवू नका.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, उन्हाळ्यात आमच्या प्रथमेशनेही चालवली. त्याच्या कॉलेजातले दोघं होते बरोबर.”

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. माफी मागितली. त्याने रायफल मोकळी करून बोल्ट वेगळ्या कपाटात ठेवला. आमची मैत्री आहे, पण तो आता माझ्याकडून कसलाही सल्ला घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बाईंकडे परत गेलो. त्यांना सांगणं जास्त अवघड होतं, कारण त्या टेबलावर दोन हिवाळे पडलेले होते. लाकडाचं काम मी पाहिलेल्यांत सर्वांत चांगलं आहे, बोल्टचं काम निर्दोष आहे, आणि यातला जो भाग तुमच्या यजमानांनी घडवलेला नाही, फक्त त्याचाच भरवसा नाही, असं मी सांगितलं. पुढच्या काळातला, ८,००,००० च्या वरचा रिसिव्हर मिळवून हाच दस्ता आणि स्कोप चांगल्या गनस्मिथकडून त्यावर बसवून घेता येतील, हेही सांगितलं. त्यांनी विकायचा विचार सोडला. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत कारण आणि क्रमांक लिहून तो चापाच्या कड्याला बांधला, पुढे कुणा नातवंडाच्या हाती ती पडली तर वाचता यावं म्हणून.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून आता आपली मुलंही रेंजवर जातात, आणि जुनी घडवलेली रायफल स्वस्तात मिळाली की मोह होतो. कारागिरी बघाच, ती बघण्यासारखी असते. पण १९०३ असेल तर आधी माऊंट काढायला लावा आणि क्रमांक वाचा. विकणारा नाही म्हणाला, तर उठा. स्प्रिंगफिल्ड ८,००,००० च्या खाली, रॉक आयलंड २,८५,५०७ च्या खाली: भिंतीवर लावा, चालवू नका. आणि गेल्या बारा वर्षांत माझं ऐकून कुणी अशी रायफल घेतली असेल, तर त्यांनी आजच बोल्ट काढून ठेवावा आणि मला फोन करावा.