पायांची चौकशी

मार्गशीर्षाची थंडी बेळगावात उतरली, म्हणजे माणसे डोक्याकडून सावध होऊ लागतात. कानटोपी निघते, गळपट्टा निघतो, कपाटाच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत निजलेली बंडी उन्हात पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरच्या या गावात पहाटेचा वारा असा काही झोंबतो की, चोर्ल्याचा घाट चढून गोव्याहून आलेला पाहुणा पहिल्या सकाळी पांघरुणातूनच चहा मागतो. मात्र या सगळ्या बंदोबस्तात एका अवयवाची आठवण कोणासही होत नाही. सर्दीची विचारपूस होते, खोकल्याची होते, गुडघ्यांचीही होते. परंतु 'आपले तळवे कसे आहेत?' असे विचारणारा गृहस्थ आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे.

वकिलीचा धंदा जिभेवर चालतो अशी लोकांची समजूत आहे. प्रत्यक्षात तो पायांवर चालतो. या न्यायालयातून त्या न्यायालयात, जिने चढत आणि उतरत, तारीख मागावयाची तरी उभ्याने आणि ती नाकारली गेली तरी उभ्यानेच, असा आमचा दिवस जातो. तेव्हा पायांच्या बाजूने चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही नम्रपणे समजतो.

आमच्या पूर्वजांना पायांचा असा विसर पडलेला नव्हता. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना रोज अभ्यंग करावयास सांगितले आणि त्यातही मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष पुरवावे असे बजावले. हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या नरकचतुर्दशीस आपण तेल-उटणे लावून स्नान करतो, आणि गोव्या-कोकणात कारीट फोडावयाचे तेही पायाच्या अंगठ्यानेच. पंढरपुरास तर याहून हृद्य प्रकार आहे. कार्तिकीच्या यात्रेत भक्तांना अहोरात्र दर्शन घडावे म्हणून विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात आणि रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात. ज्याच्या पायांवर आपण डोके ठेवतो त्याचेही पाय उभे राहून दुखत असतील, हे ज्यांच्या मनात प्रथम आले असेल, ती माणसे नुसती भाविक नव्हती. त्यांनी घरात कोणाचे तरी पाय चेपलेले होते.

या जुन्या पादसेवेच्या शेजारी अलीकडे एक नवी विद्या येऊन बसली आहे. तिला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. तिचे म्हणणे असे की, तळव्यावर साऱ्या शरीराचा नकाशा आहे. बोटांत मस्तक, चवड्यात फुप्फुसे, मधल्या खोलगट भागात मूत्रपिंडे व स्वादुपिंड. त्या त्या जागी दाबले की तो तो अवयव सुधारतो. पुष्कळ लोक हिला प्राचीन समजतात. पण हिचा आजचा अवतार अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून 1917 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि युनिस इंगम या बाईंनी पुढे तो सारा कारभार तळव्यावर आणून 1938 साली आपले पुस्तक काढले.

आता ज्याला उलटतपासणीची सवय जडली आहे, त्याने अशा नकाशापुढे मुकाट्याने मान डोलावावी हे शक्य नाही. दोन वेगवेगळे तक्ते शेजारी ठेवावेत, तर एकाच अवयवाची हद्द दोहोंत निराळी दिसते. शेताच्या मोजणीत असे आढळले असते तर आम्ही दहा वर्षे दावा चालविला असता. तळव्याच्या अमक्या बिंदूपासून स्वादुपिंडापर्यंत जाणारी एखादी स्वतंत्र वाट शरीरशास्त्रास सापडलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अशा अनेक उपचारांची छाननी करविली. 2015 साली तिचा निष्कर्ष आला, आणि रिफ्लेक्सॉलॉजीने रोग बरा होतो याचा स्पष्ट पुरावा तीत मिळाला नाही. 2019 च्या एप्रिलपासून तिथल्या खासगी आरोग्यविम्यातून हा उपचार वगळण्यात आला. काशाच्या वाटीने तूप चोळले की तळवा काळवंडतो आणि 'अंगातली उष्णता बाहेर पडली' असे सांगतात, तोही साक्षीदार असाच कच्चा आहे. तो काळेपणा अंगातला नव्हे. घर्षणाने तुपात आणि घामात मिसळलेल्या धातूचा आहे.

हा वाद केवळ बार रूममधला असता तर आम्ही तो तिथेच सोडून दिला असता. परंतु गेल्या पौषात तो आमच्या घरी आला. आमच्या आत्याबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर असून मधुमेह त्यांच्या सोबतीस पंचवीस वर्षे आहे. कोणा प्रदर्शनात एका तळवेतज्ज्ञाने त्यांचा पाय पाहिला, दाबला, आणि तीन महिने हे बिंदू दाबल्यास गोळ्यांची गरज उरणार नाही, असे सांगून एक लाकडी लाटणेही विकले.

"पुता, त्याने माझ्या तळव्यावर स्वादुपिंड दाखविले," आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या. "इतकी वर्षे मी त्याच्यावरच उभी होते म्हणायची!"

"आत्या, लाटणे खुशाल फिरवावे. पण गोळ्या?"

"गोळ्या चार दिवस बंदच आहेत."

वकिली युक्तिवादाने आत्याबाई कधी हरलेल्या नाहीत. त्या दिवशीही हरल्या नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की, गोळ्या त्याच दिवसापासून पुन्हा सुरू व्हाव्यात आणि त्या बदल्यात त्यांचे पाय रोज रात्री घरातल्या कोणीतरी चोळावेत. पहिल्या रात्री आमच्या सौभाग्यवती कोमट तिळेल घेऊन बसल्या. उजवा पाय मांडीवर घेऊन बोटे दिव्याकडे वळविली, आणि त्या थबकल्या. करंगळीच्या शेजारच्या बेचक्यात मुगाच्या दाण्याएवढी जखम होती. तिच्या कडा पांढुरक्या पडल्या होत्या. आत्याबाईंना तिचा पत्ताही नव्हता. कारण दुखत नव्हते. दीर्घ मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते आणि जखम मुकी राहते, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितले. जखम धुतली गेली, पट्टी बांधली गेली, चपला बदलल्या, आणि तीन आठवड्यांत ती भरून आली. ती तशीच राहती आणि चिघळती, तर पुढे काय होऊ शकते हे त्यांनी सांगितले ते येथे लिहिण्याची आमची इच्छा नाही.

नकाशाने जे पाहिले नाही ते मांडीवर घेतलेल्या पायाने दाखविले. तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, हिवाळ्यातील पादसेवेस कोणत्याही नकाशाचा आधार लागत नाही. तिच्या बाजूचा पुरावा स्वतंत्रपणे पुरेसा आहे. तळव्याच्या त्वचेत तेल स्रवणाऱ्या ग्रंथी नसतात; म्हणूनच कोरड्या हवेत टाचा आधी फुटतात, आणि म्हणूनच तिथे बाहेरून तेल लागते. पाय उबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पोटातली उष्णता बाहेर पडण्यास वाट मिळते आणि झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 1999 साली दाखविले. चोळल्याने शीण हलका होतो, मन निवते, हे तर कोणीच नाकारीत नाही.

रीतही साधी आहे. रात्री कोमट पाण्याने पाय धुवावेत. ज्याची संवेदना मंद असेल त्याच्यासाठी पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. पाय कोरडे पुसावेत, बेचके तर विशेषच. मग तिळेल किंवा खोबरेल कोमट करून तळव्यास व टाचेस पाच-दहा मिनिटे चोळावे. बोटांच्या मध्ये मात्र तेल घालू नये, तिथे ओल राहिली की कातडी कुजते. भेग, फोड, लाली, सूज यांची नजरेने झडती घ्यावी. तेलकट पायांनी फरशीवर चालू नये, मोजे घालून निजावे. मधुमेह्याने शेगडीशी वा गरम पाण्याच्या पिशवीशी पाय नेऊ नयेत. भाजलेले कळत नाही. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, डॉक्टरांस दाखवावी.

माघी पौर्णिमेस मंगेशीची जत्रा भरते. थंड फरशीवरून, वाळूखड्यांतून अनवाणी चालणारी म्हातारी माणसे आपणां सर्वांच्याच घरची असतात. दर्शन घेऊन बिऱ्हाडी परतल्यावर त्यांचे पाय कोणीतरी धुवावेत, पुसावेत आणि दिव्याजवळ धरून पाहावेत. वडीलधाऱ्यांच्या पायांशी आपण नित्य वाकतो. पण बोटे टेकवितो आणि दृष्टी दुसरीकडे ठेवून लगेच उठतो. वाकलोच आहोत, तर क्षणभर तिथेच थांबून पायांकडे नीट पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.