जाऊन येते हं!

बालमित्रांनो, जपानी भाषेतला एखादा शब्द सांगा म्हटलं, की तुमच्या आजी-आजोबांना हमखास 'सायोनारा' आठवेल. १९६६ सालच्या 'लव्ह इन टोकियो' चित्रपटाची ही कृपा! यजमानांच्या नोकरीमुळे मी दोन वर्षांसाठी जपानमधल्या कोबे शहरी राहायला गेले, तेव्हा मलाही तेवढाच शब्द येत होता. आणि गंमत म्हणजे, तोच शब्द तिथे फारसा कानांवर पडेना.

कोबे म्हणजे उत्तरेला रोक्को डोंगराची रांग, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं शहर. पत्ता विचारला की लोक 'डोंगराच्या बाजूला' नाहीतर 'समुद्राच्या बाजूला' असं सांगतात. रस्ता चुकला तर मान वर करून डोंगर शोधायचा, झालं! जुनं बंदर असल्यामुळे भारतीय व्यापारीही इथे कितीतरी वर्षांपासून राहतात. कितानो भागात तर १९८५ साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे.

आमच्या शेजारी एक आजी एकट्याच राहत. माझं जपानी मोडकंतोडकं, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. मैत्री जमवली ती लोणच्यानं. मी स्टीलच्या डब्यातून लिंबाचं लोणचं दिलं. चार दिवसांनी डबा परत आला तो उमेबोशी घेऊन. उमे नावाची आंबट फळं मिठात मुरवून, उन्हात वाळवून ती करतात. लाल रंग येतो तो शिसोच्या पानांचा. ही शिसो आपल्या तुळशीच्याच कुळातली, बरं का! पहिला घास घेतला आणि माझे डोळेच मिटले, इतकं आंबट-खारट. पुढे डब्याच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आजींना कुणी मराठी माणसानं थोडंच शिकवलं होतं?

मी बाहेर निघाले की आजी दारात येत आणि म्हणत, "इत्ते राश्शाई!" म्हणजे 'जाऊन ये'. आपण म्हणायचं, "इत्ते किमासु", म्हणजे 'जाऊन येते'. मला एकदम घर आठवलं. 'जाते' म्हटलं की माझी आई रागवायची, "येते म्हण!"

एकदा हातात पिठाचा गोळा असतानाही आजी तशाच धावत दाराशी आल्या. एवढी कशाला धावपळ, असं मला वाटलं. त्याचं कारण कळलं ते जानेवारीत.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबेत भयंकर भूकंप झाला. सहा हजार चारशेहून अधिक माणसं त्यात गेली. दरवर्षी त्या दिवशी पहाटे लोक हिगाशी युएन्ची बागेत जमतात आणि बांबूच्या नळकांड्यांत मेणबत्त्या लावतात. आजी मला तिथे घेऊन गेल्या. बरोबर ५.४६ला सगळे स्तब्ध उभे राहिले. कडाक्याची थंडी, पण एक मूलसुद्धा हललं नाही. परतताना आजींनी सांगितलं, की त्यांची धाकटी बहीण भूकंपात गेली. आदल्याच संध्याकाळी ती भेटून गेली होती. आजी भांडी घासत होत्या, त्यांनी आतूनच 'बरं' म्हटलं. दारापर्यंत गेल्या नाहीत.

मी काय बोलणार? त्यांचा हात धरून चालत राहिले.

आमची परत यायची तारीख ठरली. विमानतळाची बस पहाटेची होती. म्हाताऱ्या माणसाला थंडीत कशाला उठवायचं, म्हणून आदल्या रात्रीच निरोप घेतला. खरं सांगायचं तर मला रडू आवरणार नव्हतं, म्हणून पळवाट काढली. पहाटे चोरपावलांनी बॅगा उतरवल्या, तर कोट घालून, कानटोपी चढवून आजी खाली उभ्या! हातात माझा स्टीलचा डबा. त्या बस-थांब्यापर्यंत आल्या.

बस आली. इतकं जपानी शिकले होते, पण तोंडातून निघालं, "सायोनारा, आजी." त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, हे नाही म्हणायचं! मग मी कसंबसं म्हटलं, "इत्ते किमासु."

"इत्ते राश्शाई!"

बस वळेपर्यंत त्या हात हलवत होत्या. डबा त्यांच्याच हातात राहिला. मी मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही.