पस्तीस या उत्तराची कैफियत

प्राथमिक शिक्षकाच्या दप्तरात जेवढे कागद असतात, त्यांत पाठाच्या टाचणाइतका जास्त लिहिला जाणारा आणि कमी वाचला जाणारा कागद दुसरा नसेल. घटक, उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन अशा मुक्रर रकान्यांत तो आदल्या सायंकाळी भरावयाचा, तपासणीस आलेल्या साहेबांनी त्यावर तारखेसह सही करावयाची आणि वर्षअखेरीस त्याची रवानगी कपाटात व्हावयाची, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. वास्तविक शिक्षकाच्या विद्येची पारख याच कागदावर व्हावयास हवी. कारण उद्या आपल्यासमोर कोण बसणार आहे, याविषयीची त्याची कल्पना जशी टाचणात उघडी पडते, तशी ती अन्यत्र पडत नाही.

बहुतेक टाचणांतला विद्यार्थी जूनपासून एप्रिलपर्यंत अखंड हजर असतो, फळ्यावरचे अक्षर त्याला शेवटच्या रांगेतूनही स्वच्छ दिसते, पुस्तकातली मराठी हीच त्याच्या घरची मराठी असते आणि काल शिकविलेले त्याला आज आठवत असते. असा विद्यार्थी अहिल्यानगर जिल्ह्यात मी क्वचितच पाहिला. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा १४ तालुक्यांचा जिल्हा स्वभावाने एक नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीतील ठाकर आणि महादेव कोळी यांच्या वाड्या, मध्ये प्रवरेच्या पाटपाण्यावरचा ऊस, आणि पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा कोरडवाहू पट्टा. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातली कुटुंबे दिवाळी सरली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. काही मुले आजीआजोबांपाशी राहून हंगामी वसतिगृहात जेवतात. काही आईबापांच्या मागोमाग फडावरच्या कोपीत जातात आणि मढीच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे होळी ते पाडव्याच्या दरम्यान, परत वर्गात येऊन बसतात. येथे नियोजन करणाऱ्या शिक्षकाला दोन कॅलेंडरे सांभाळावी लागतात: एक शिक्षण खात्याचे आणि दुसरे गाळपाचे.

शाळेने मुलाच्या जीवनक्रमाशी जुळवून घ्यावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अंगणवाडी उभी केली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, तेव्हा शाळेची जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी मुलावरून ठरविता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. पण जागा आणि वेळ जुळवूनही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो म्हणजे एकाच छपराखाली एकाच वेळी बसलेल्या मुलांना एकच गोष्ट कशी शिकवावी आणि ती त्यांना आली की नाही, हे कसे ओळखावे. या प्रश्नाचे मला गवसलेले उत्तर तिसरीच्या वजाबाकीतले आहे.

बावन्नातून सत्तावीस वजा करण्याचे उदाहरण मी फळ्यावर घातले होते. तिघांच्या पाट्यांवर एकच चुकीचे उत्तर होते: ३५. गुणपत्रकाच्या दृष्टीने तिघेही सारखे, तिघांनाही शून्य. एकेकाला जवळ बोलावून ‘हे कसे केलेस ते मला सांग’ एवढेच विचारले. पहिला म्हणाला, ‘गुरुजी, साताऽतून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. मोठ्यातून लहान काढावयाचे, एवढाच त्याचा कायदा. दुसरी मुलगी फडावरून नुकतीच परतलेली. तिने तोंडी उत्तर अचूक पंचवीस सांगितले: सत्तावीसला तीन मिळविले की तीस, आणखी वीस म्हणजे पन्नास, वर दोन. पाटीवर मात्र दशक सुटा करून एककाचे बारा तिने बरोबर केले आणि पाचावर काट मारून चार लिहावयाचे ती विसरली. तिसऱ्याची वजाबाकी निर्दोष होती. फक्त त्याने ती बावन्नातून सतरा अशी केली होती, कारण पुसट खडूतला २ त्याला १ दिसला होता.

एक चूक आणि तिची तीन कारणे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हवे होते, म्हणजे दोन सुट्या काड्यांतून सात देता येत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याच्या हाताला कळले असते. दुसरीला गठ्ठ्यांची गरज नव्हती. तिला लेखनाची रीत हवी होती. तिसऱ्याला पहिली रांग, ठळक अक्षर आणि शालेय आरोग्य तपासणीत डोळे दाखविण्याची तजवीज हवी होती. तिघांनाही तोच पाठ पुन्हा शिकविला असता, तर तो तिघांपैकी एकालाही पुरा पडला नसता.

यातून उदाहरण निवडण्याचीही एक विद्या हाती येते. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की पहिली आणि दुसरी चूक एकाच उत्तरात लपते. तेच उदाहरण ५२ वजा २८ असे घातले, तर मोठ्यातून लहान काढणाऱ्याचे उत्तर ३६ येते आणि दशक कमी करावयास विसरणाऱ्याचे ३४. उदाहरण आधी वहीत उतरवून घ्यावयास सांगितले, तर डोळ्यांचा दोषही त्याच कागदावर उमटतो. शाब्दिक उदाहरण असेल, तर ते ग्रांथिक मराठीत आणि बोलीत दोन्ही रीतींनी वाचून दाखवावे; नाहीतर ठाकरवाडीतल्या मुलाची परीक्षा गणिताऐवजी भाषेची होते. प्रश्नपत्रिकेचे टाचण पाठाच्या टाचणाइतक्याच काळजीने काढावयाचे असते, ते यासाठी.

शासनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यात तोंडी काम, निरीक्षण, कृती, स्वाध्याय अशी साधने शिक्षकाच्या हाती आली. तिसरी-चौथीला शंभरापैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाला मुक्रर झाले. तरतूद उत्तम, पण ‘गणितात प्रगती समाधानकारक’ अशी तयार नोंद चाळीस मुलांच्या नावापुढे नकलून ठेवली, की ती निष्फळ होते. नोंद अशी हवी की, ती वाचून बदलीवर आलेला नवा शिक्षक दुसऱ्या दिवशीचा पाठ सुरू करू शकेल.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मूल गरीब आहे, हंगामात बाहेर होते, त्याला दिसत नाही, या सबबीवर दयेपोटी गुण देणारे शिक्षक मनाने चांगले असतात. पण त्या गुणांनी मुलाची अडचण कागदावरून नाहीशी होते आणि तिच्यासोबत तिच्यावर होऊ शकणारा उपायही. लेखनिक द्यावा, जादा वेळ द्यावा, तोंडी विचारावे, ठळक अक्षरात छापावे; वाटा हव्या तितक्या बदलाव्यात, माप बदलू नये. फडावरून आलेल्या त्या मुलीला तोंडी पंचवीस येत होते म्हणून लेखी सोडून दिले असते, तर पुढे तीन अंकी वजाबाकीपाशी ती अडखळली असती.

म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती एवढीच आहे. टाचणाच्या वहीत उजवीकडचा एक रकाना आदल्या रात्री कोरा ठेवा. पाठ संपल्यावर त्यात कोण चुकले एवढेच न लिहिता कशामुळे चुकले, ते मुलाला विचारून लिहा, आणि दुसऱ्या दिवशीचे टाचण त्या रकान्यावरून काढा. साहेबांची सही डावीकडच्या मजकुरावर होईल. तुमचे काम उजवीकडे आहे.