भीमेकाठून झेलमकडे

दौंडच्या घरांतून काश्मीर फार लांब नसतं. संध्याकाळी पुण्याहून जम्मू तावीला निघालेली झेलम एक्स्प्रेस दौंड ओलांडते, आणि पाय प्लास्टरमध्ये अडकलेला, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला किंवा दुकान सोडून कधीच न हललेला माणूसही तिच्याबरोबर निघतो. त्याला तिकीट लागत नाही. गाडीचं नाव पुरतं.

त्या नावामागोमाग नद्या येतात. दौंड सुटताच भीमा, पुणतांब्याला गोदावरी, भुसावळनंतर तापी, इटारसीपुढे नर्मदा. ग्वाल्हेर मागे पडलं की धौलपूरजवळ चंबळ आणि तिच्या काठच्या मातीच्या खोल घळी. लुधियानानंतर सतलज, पठाणकोटच्या अलीकडे बियास, पलीकडे रावी आणि शेवटी तावी. ज्या नदीचं नाव गाडीने घेतलं, ती झेलम मात्र वाटेत भेटतच नाही. वेरीनागला उगम पावून ती श्रीनगरमधून वाहत वुलर सरोवरात शिरते. एवढा शेवटचा टप्पा घरबसल्या प्रवाशाने मनानेच पुरा करायचा, आणि तो टप्पा त्याला सगळ्यांत प्रिय असतो.

मनमाडची लाइन 1878 मध्ये सुरू झाली आणि दौंडला उत्तरेची वाट मिळाली. पुण्याहून तिकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. कपलिंग सुटायचं, इंजिन शेजारच्या रुळावरून सावकाश मागे जायचं, तोवर लोक चहाला उतरायचे. मग धक्का बसून गाडी हलायची, आणि पुण्यापासून पुढे तोंड करून बसलेला माणूस नगरकडे पाठमोरा निघायचा. त्या थांब्यात फलाटावरच्या दौंडकराला जम्मूला, हावड्याला जाणारी माणसं निवांत पाहायला मिळत. आता कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्या तोंड न फिरवता पुढे जातात. वेळ वाचतो, हे खरंच. पण तो थांबा गावाच्या स्वप्नांना फार उपयोगी होता.

शेजारच्या शिरूरला मात्र रूळच नाहीत. घोडनदीकाठच्या या गावातून आगगाडी गाठायची तर न्हावरे, चौफुला करत दौंड तालुक्यात यायचं, नाहीतर थेट पुणं. त्यामुळे तिथे घरात अडकलेल्याचा प्रवास बहुधा वाचनालयातल्या पुस्तकावर चालतो. मीना प्रभू ‘दक्षिणरंग’मधून दक्षिण अमेरिकेत नेतात, ‘गाथा इराणी’तून इराणात, पु. ल. देशपांडे ‘अपूर्वाई’तून विलायतेत. चांगलं प्रवासवर्णन वाचणाऱ्याला पाहुणा ठेवत नाही, सोबती करून घेतं.

22 मार्च 2020 ला करोनामुळे देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा सगळेच घरबसले झाले. मालगाड्या धावत होत्या, भोंगे ऐकू येत होते, पण त्यांना झेलम, कोणार्क, आझाद हिंद अशी नावं नव्हती. मालगाडीबरोबर मन जाईल तरी कुठे? त्या दिवसांत जुनं वेळापत्रक उघडून एकेक स्टेशन वाचत जाणं हाच काय तो प्रवास होता, आणि तो मोठा आधार होता.

6 जून 2025 ला कटरा ते श्रीनगर आगगाडी सुरू झाली. नदीपात्रापासून 359 मीटर उंचीच्या पुलावरून ती चिनाब ओलांडते. झेलम एक्स्प्रेस अजून जम्मू तावीलाच थांबते. तेव्हा दौंडच्या प्रवाशाने तिथे उतरावं, कटरा गाठावा आणि चिनाबसाठी खिडकीची जागा धरावी.