उसाच्या वाटेवरची रात्र

दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली, की पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीला जाणारा रस्ता रात्रभर जागा असतो. दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचा ऊस, वाऱ्यावर मळीचा वास आणि कृष्णाकाठचा गारठा. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या संथपणे कारखान्याची वाट चालत असतात. गाडीवान मोळ्यांवर बसलेला, कधी शेजारी पोरही पेंगत असते.

हा देखणा रस्ता रात्री मात्र फसवा होतो. समोरून येणाऱ्या बैलांचे डोळे दिव्यात चमकतात, म्हणून गाडी लांबून कळते. मागून पाहावे तर नुसता काळोख! ट्रॅक्टरचे तर त्याहून अवघड. मागच्या ट्रॉलीची वायर निघालेली, असलेला लाल दिवा लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला. काही जण नांगरटीचा मागचा पांढरा दिवा रस्त्यावरही चालूच ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटते, समोरून वाहन येत आहे. शिवाय डोळे दिपतात ते वेगळेच.

आता थोडा हिशेब पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच 25 मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. खाली पाडलेल्या दिव्यात काळ्या घोंगडीतला माणूस मात्र बहुधा तीसएक मीटरवर आल्यावरच दिसतो. मग गाडी थांबणार कशी? म्हणून दिव्याचा उजेड पोचेल तेवढाच वेग ठेवावा. समोरून प्रखर दिवा आला, तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग कमी करावा. वय वाढते तसे अंधारात कमी दिसते. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री गाडी चालवायला लावू नये.

गाडीवान बंधूंसाठी उपाय तर अगदी स्वस्त आहे. लाल रिफ्लेक्टरला ना बॅटरी लागते, ना तेल. मागच्या गाडीचा उजेड तो तिच्याकडेच परत फेकतो. हंगामाच्या आरंभी अनेक ठिकाणी कारखाने, पोलीस आणि आरटीओ असे रिफ्लेक्टर लावून देतात. पण चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. तेव्हा गाडी भरून झाली, की लोंबती वाढी कापावीत आणि ओल्या फडक्याने रिफ्लेक्टर पुसावा. गाडी बंद पडली तर रस्त्यावर उभी न ठेवता कडेला घ्यावी. ते जमत नसेल, तर मागे बऱ्याच अंतरावर माणूस बॅटरी घेऊन उभा करावा.

ऊस एक दिवस उशिरा गेला, तर थोडे वजन घटते. पण बैलजोडी गेली, तर गाडीवानाचा सगळा हंगाम जातो. आणि घरचा माणूस गेला, तर त्याची भरपाई कोणत्याच हंगामात होत नाही.