मूठ खाली, मूठ आडवी, मूठ वर

अलिबागच्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या सागवानी. दोन झडपा, उभे गज, वर-खाली बोल्ट, आणि वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून आकडे. खाऱ्या हवेनं आकडे गंजतात खरे, पण मला ते अंधारातही लावता येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा ह्यांनी न् मी त्या आकड्यांना दोरी बांधून दुपारभर झडपा धरून ठेवल्या होत्या. तेव्हा खिडक्यांचं मला कुणी काय शिकवावं?

२०२३ च्या मे महिन्यात लेकीकडे जर्मनीत, स्टुटगार्टला गेले. तिसरा मजला. खिडकीला एकच भलीमोठी काच, गज नावाला नाहीत! लेकीनं पहिल्याच दिवशी समजावलं, "आई, मूठ खाली म्हणजे बंद. आडवी केलीस की दारासारखी आत उघडते. वर केलीस की फक्त वरच्या बाजूनं आत कलते. पण मूठ फिरवायची ती खिडकी मिटवूनच."

खालच्या पट्टीवर किल्लीचं लहानसं कुलूप होतं. ते लावलं की खिडकी कलते, सताड उघडत नाही. नातू तीन वर्षांचा, म्हणून ही खबरदारी. मला मात्र गुदमरल्यासारखं व्हायचं. "एवढी काय बाई कुलपं!" म्हणत स्वयंपाकघरातलं कुलूप मी तिच्याकडून काढून घेतलं.

दोनच दिवसांनी घरात मी आणि नातू. मिरच्यांची फोडणी जरा करपली, ठसका लागला. खिडकी सताड उघडली. तेवढ्यात हा खुर्ची ओढत आला आणि चढू लागला! मी घाईघाईनं खिडकी लोटली. ती पुरती मिटायच्या आतच मूठ फिरवली, खालीऐवजी वर. झालं! वरचा बिजागरीकडचा कोपरा सुटला आणि ती जड काच खालच्या एकाच कोपऱ्यावर तिरपी लोंबकळू लागली. मी खांदा लावून उभी. नातवाला म्हटलं, "बाळा, दाराशी जा आणि आजीबाईंना जोरात हाक मार."

समोरच्या घरातल्या वृद्ध बाई आल्या. त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची. त्यांनी खिडकी चौकटीत दाबली, बिजागरीकडचा वरचा कोपरा तळहातानं घट्ट धरला, कडेची लहानशी पट्टी दाबत मूठ आडवी केली, आणि मग खाली. मोडलं काहीच नव्हतं! मग त्यांनी ते मला तीनदा करायला लावलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं.

संध्याकाळी जावई म्हणाले, "आई, घाबरू नका, इथं नव्या माणसाचं असं होतंच. अशा खिडक्यांचं साहित्य कारखान्यात बनवायला सुरुवात याच स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रँक यांनी केली, १९३५ साली." चूक खिडकीची नव्हतीच. चूक माझ्या आढ्यतेची होती.

खुर्चीचं लपवता आलं असतं. पण लेकीला सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. उठून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच हातात ठेवली. "आई, आता ही तुझ्याकडे." रागावली असती तर बरं वाटलं असतं! महिनाभर ती किल्ली मी मंगळसूत्रासारखी जपली.

मैत्रिणींनो, मुलांकडे परदेशी गेलात तर पहिल्या दिवशी गॅस, नळ यांच्याबरोबर खिडकीही शिकून घ्या. नुसतं ऐकू नका, स्वतः दोनदा उघडून-मिटून बघा. आणि लहान मूल असेल तर खुर्ची, स्टूल खिडकीपासून लांब.

परत आल्यावर मी पहिलं काय केलं असेल? आमच्या माडीवरच्या खिडकीचे गज हलवून पाहिले. दोन सैल निघाले. इतकी वर्षं डोळे मिटून आकडे लावत होते ना!