मुक्काम पोस्ट रामबाग

अकोल्याहून इंदूरकडे मीटरगेजची गाडी होती तोवर आत्या आम्हाला कधी लांब वाटली नाही. मधे सातपुडा आडवा पडला होता खरा, पण गाडी मेळघाटातून वाट काढत जायची. धूळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढतो. तिथं आलं की आई खिडकीतून डोकं बाहेर काढू नका म्हणून ओरडायची आणि आम्ही हटकून काढायचो. खंडवा गेलं, सनावद गेलं, की डब्यातल्या बायका पदराच्या गाठी सोडून नाणी हातात घेऊन बसत. मोरटक्क्याच्या पुलावर ती नर्मदेत पडत. पुढे घाट, आणि घाटाच्या पायथ्याशी कालाकुंड नावाचं टिचभर स्टेशन. तिथं पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. गाडीला घाट चढायला जादा इंजिन लागेपर्यंत तो घेऊन टाकायचा, कारण आत्याचं फर्मान ठरलेलं: ‘बाकी काही आणू नका, कालाकुंडचा कलाकंद तेवढा आणा.’ इंदुरात मिठाईला काय तोटा! पण तिला तोच हवा असे. माहेरच्या वाटेवरचा म्हणून, असं आई म्हणायची. आत्या स्वतः तसं कधी बोलली नाही. पान सोडवायची, पहिला तुकडा देवापुढे ठेवायची आणि दुसरा उभ्या उभ्या तोंडात टाकायची.

होळकरांच्या मागून माळव्यात गेलेल्या मराठी घरांतलंच तिचं सासर. रामबागेत दोन खणांचं, मागं न्हाणीघर आणि पुढं ओटा असलेलं घर. पिढ्यान् पिढ्या तिथं राहिल्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा कारभार होता. आत्या मात्र आमच्या वऱ्हाडातली. ‘करून राहिली’, ‘येऊन राहिला’ हे ती अकोल्याहूनच घेऊन गेली होती, आणि इंदुरातही सगळे तसंच बोलतात हे पाहून तिला बरंच वाटलं असणार. ‘सानंद’ या तिथल्या संस्थेचं मराठी नाटक असलं की ती ठेवणीतली साडी नेसून जायची आणि आठवडाभर त्यातल्या नटांची उणीदुणी काढायची.

तिच्याकडे सकाळ पोह्यांनी सुरू व्हायची, आणि ते पोहे घरचे नसत. एरवी बाहेरच्या खाण्यावर तिचा राग. पण पोहे कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून आणायला ती आम्हाला पातेलं घेऊन पिटाळायची. ‘घरी ते होत नाहीत, उगाच हट्ट कशाला करायचा?’ हे तिचं म्हणणं मला पुढे पटलं. आपण पोहे परततो, वाफ आणतो आणि लगेच वाढतो. तिकडे मोठं पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर चढवलेलं असतं आणि पोहे तासन् तास नुसत्या वाफेवर मऊ राहतात. तेल जवळजवळ नाहीच. मग वर बारीक कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावन. शेजारी गरम जिलबी. जिलबीचा पाक पोह्यांत थोडा उतरला तरच ते खरे इंदुरी पोहे, असं आतोबा म्हणत. आत्याला हे मिश्रण पसंत नव्हतं. ती जिलबी वेगळ्या बशीत घ्यायची.

जिरावन मात्र घरचं. जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, तमालपत्र हे सगळं वेगवेगळं भाजायची. एकत्र भाजलं की जिरं करपतं आणि धणे कच्चे राहतात, हे तिचं शास्त्र. मग आमचूर, सुंठ, हिंग, काळं मीठ, लाल तिखट. खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून ती ते गाळायची. गाळताना तिच्या भुवया पांढुरक्या होत आणि ती लागोपाठ शिंकत असे. शिंका थांबल्या की मसाला झाला. हा मसाला आमच्याकडे काकडीपासून भाकरीवरच्या तेलापर्यंत सगळ्यावर चालायचा. आम्ही निघालो की प्रत्येकाच्या पिशवीत एकेक पुडी पडायची.

दुपारी बाजार. राजवाडा हा सगळ्या बाजाराचा खुंटा. मल्हारराव होळकरांच्या वेळचा हा सात मजली वाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या नोव्हेंबरात, दंगलीत, त्याचा मागचा भाग जळला. आत्यानं ते धुराचे लोट घराच्या गच्चीवरून पाहिले होते. पुढे तो भाग पुन्हा उभा राहिला, पण राजवाड्यावरून जाताना ती मान वर करून बघत नसे. आम्ही बघायचो, ती चालत राहायची. भांड्यांना बर्तन बाजार, वह्या-पुस्तकांना खजुरी बाजार, सुकामेव्याला आणि किराण्याला सियागंज आणि साड्यांना सीतलामाता बाजार अशी तिची वाटणी होती. एका बाजारातली वस्तू दुसऱ्या बाजारात घेतलेली तिला खपत नसे.

साडी घेणं हा तिच्याबरोबरचा खरा सोहळा. घरात लग्न ठरलं की माहेश्वरी इंदूरहूनच यायची, आणि ती आत्यानं निवडलेली असायची. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून बसवले, हा इतिहास दुकानदार सांगू लागला की ती त्याला मधेच तोडायची, ‘भिया, वो मालूम है, साडी दिखाओ.’ गादीवर पाय दुमडून बसायची. साडी उलगडली की पहिल्यांदा पदर. माहेश्वरीच्या पदरावर पाच आडवे पट्टे असतात, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे. ते ती बोटानं मोजायची. मग काठ. काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरून उतरलेली, त्यामुळे तिला नावंही तशीच: चटई, ईंट, हिरा. आत्या काठ दोन बोटांत धरून उलटा करायची आणि उजेडाकडे न्यायची. माहेश्वरीचा अस्सल काठ दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे, उलटं-सुलटं कळता कामा नये. तो तसा असला की ती साडी मांडीवर ठेवायची आणि पुढची मागायची. नसला की काही न बोलता परत सारायची. दुकानदार शहाणा असेल तर त्यालाही कळायचं. माझ्या बहिणीच्या लग्नातली तिनं घेतलेली जांभळी साडी आजही नेसणीत आहे. रंग एक-दोन ठिकाणी विरलाय, काठ जसाच्या तसा.

भाव करताना ती फारशी बोलत नसे. दुकानदार आकडा सांगे, ती आपला आकडा सांगे आणि चपला शोधायला लागे. चपला सापडेपर्यंत भाव जमलेला असायचा.

आणि रात्री सराफा. त्या दिवशी घरी नुसता वरणभात. ‘पोटात जागा ठेवा’ हे जेवण वाढतानाच सांगितलं जाई. दिवसभर सोन्याचांदीची असलेली ती गल्ली रात्री आठाच्या सुमारास शटर ओढून घेते आणि त्याच दुकानांपुढे चुली पेटतात. रात्रभर गल्ली जागी राहिली तर दुकानंही सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना जागा दिली, असं तिथले लोक सांगतात. नऊच्या आधी आत्या निघायची नाही. ‘आत्ता गेलं तर तेल गरम नसतं’, आणि एकदा निघाली की तिचा क्रम ठरलेला. आधी भुट्टे का कीस, म्हणजे कोवळं कणीस किसून तुपात, दुधात शिजवलेलं, वर हिंग-मोहरीची फोडणी. मग खोबऱ्याचं सारण भरलेलं पॅटीस. मग जोशींचा दहीवडा. तिथला तमाशा प्रसिद्धच आहे, द्रोण दह्यावड्यासकट हवेत उडवून झेलायचा. पण आत्या आम्हाला वर नाही, खाली बघायला लावायची. एकाच चिमटीत पाच मसाले उचलून दह्यावर एकेक करून वेगवेगळे सोडायचे, ही खरी करामत. हिवाळा असला तर गराडू. हा कंद सोलून, फोडी करून तळतात, पुन्हा तळतात आणि लिंबू पिळून जिरावन टाकतात. गराडूवरचं त्यांचं जिरावन आपल्यापेक्षा कमी आहे, हे ती दर वेळी कबूल करवून घ्यायची.

तिथल्या साबुदाण्याच्या खिचडीवर तिचा शेरा असा: ‘उपासाला चालत नाही. उपास नसला की चालते.’

आतोबा सराफ्यात कधी आले नाहीत. गर्दी सोसायची नाही म्हणत. आत्या त्यांच्यासाठी कडीचा स्टीलचा डबा घेऊन जायची आणि येताना रबडी आणायची. आतोबा गेल्यानंतरही तो डबा पिशवीत असायचा. भरून आणायची, फ्रिजमधे ठेवायची आणि सकाळी शेजारच्या मुलांना वाटून द्यायची. कशाला आणतेस, असं आम्हांपैकी कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

2016 च्या पावसाळ्यात आत्या गेली. आणि 1 जानेवारी 2017 पासून अकोला ते खंडवा मीटरगेज रुंदीकरणासाठी बंद झाली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही; पण आमच्या घरात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. रामबागेतलं घर पुढे विकलं गेलं. आतेभाऊ बंगळुरूला, आतेबहीण नागपूरला. घर तरी कोण सांभाळणार? आता तिथं चार मजली इमारत आहे, खाली पार्किंग. ओटा गेला याचं मला विशेष वाटलं नाही. मागचं न्हाणीघर गेलं याचं मात्र का कोण जाणे वाटलं.

त्यानंतर एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही इंदूरला गेलो आणि पहिल्यांदा हॉटेलात उतरलो. आतेभावाचा बंगळुरूहून फोन आला, ‘अरे, हॉटेलात कशाला उतरलात?’ मग त्यालाच लक्षात आलं आणि तो थोडा वेळ बोलला नाही.

शहर स्वच्छ आहे, पूर्वीपेक्षा पुष्कळच स्वच्छ. देशात पहिलं येतं ते उगाच नाही. पोहे तसेच. दहीवडा तसाच हवेत उडतो, फक्त आता त्याच्यासमोर पन्नास मोबाइल धरलेले असतात. सराफ्यात आम्ही साडेसातलाच पोचलो. निघू नका म्हणणारं कुणी नव्हतं. निम्मी दुकानं लागायची होती, तेल खरोखरच गरम झालं नव्हतं. दिसेल ते घेतलं. भूक संपली तरी घेतलं. मराठी लोक परगावच्या खाण्याचं फार कौतुक करतात, पण त्या खाण्यातला अर्धा आनंद हा घरातल्या कुणीतरी ‘ते नको, हे घे’ म्हणण्यातला असतो, हे कुणी लिहीत नाही. परक्या गावात आपली माणसं असली की तिथल्या बाजारालाही नाकं मुरडायचा हक्क मिळतो. आत्या होती तोवर इंदुरात आमचा तो हक्क होता. आता आम्ही तिथं गिऱ्हाईक आहोत, आणि दुकानदार गिऱ्हाइकाशी गोडच वागतात.

साडीच्या दुकानात पत्नीनं काठ उलटून पाहिला. दोन्हीकडून सारखा होता. सांगितली ती किंमत देऊन आम्ही निघालो, कारण चपला शोधण्याची ती कला आमच्यापैकी कुणालाच आली नाही.

तुम्ही इंदूरला जाणार असाल तर थंडीत जा, गराडू तेव्हाच. सराफ्यात नऊच्या आत पाऊल ठेवू नका. जिरावन सुटं घ्या आणि आधी हातावर घेऊन चाखा. आणि तिकडे तुमची कुणी आत्या, मावशी, निदान चुलत-चुलत नात्यातली एखादी वहिनी राहत असेल, तर हॉटेलचं बुकिंग रद्द करून तिच्याकडे उतरा. फोन करताना ‘येऊ का?’ विचारू नका, ‘येतोय’ म्हणून सांगा.